शब्दचर्चा : डॉल्फिनला ‘पान्हा फुटतो’ का?

प्रश्न : पोरकं पिल्लू सतत लुचत राहिल्याने स्वतःचं पिल्लू नसलेल्या डॉल्फिन मादीलाही दूध येतं. १९९५ साली अमेरिकी नौदलाच्या डॉल्फिन कार्यक्रमातल्या संशोधकांनी बॉटलनोज डॉल्फिनमधली अशी नोंद प्रसिद्ध केली. इथे ‘पान्हा फुटला’ लिहावं का? आणि त्या मादीला काय म्हणावं, धाय की दत्तक आई?

उत्तर : ‘पान्हा’ नको. पान्हा म्हणजे तयार असलेलं दूध सडात उतरणं. ते काम ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं. गाय पान्हा चोरते तेव्हा कासेत दूध असतंच, ती सोडत नाही. पेंढा भरलेलं वासरू पुढे ठेवून पान्हवतात तेही याच कारणाने. तुमच्या वाक्यात दूध मुळात तयार होऊ लागलंय, त्यामागे मुख्यतः प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक. म्हणून साधं ‘दूध आलं’ लिहा.

फरक व्यवहारातही महत्त्वाचा आहे. पिल्लाला नळीने पोटभर पाजलं की ते कमी लुचतं आणि नुकतं येऊ लागलेलं दूध आटतं. पूरक आहार हवाच, पण वजन बघत बेताने.

उत्तर : ‘धाय’ म्हणजे दूध पाजणारी, ‘दत्तक’मध्ये पाजणं येतंच असं नाही. प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात रांगिरोआ बेटाजवळ २०१४ पासून एका बॉटलनोज मादीने मेलन-हेडेड व्हेल या वेगळ्या जातीचं पिल्लू सांभाळलं, पाजलंही. तिथे दोन्ही शब्द लागू पडतात. मात्र तिला स्वतःचं पिल्लू होतं, म्हणजे दूध आधीपासून होतं. तुमच्या उदाहरणाशी त्याची गल्लत करू नका. ‘सावत्र आई’ तर साफ चूक.

प्रतिप्रश्न : ‘लुचणे’ चालेल? ‘कास’?

उत्तर : ‘कास’ नाही. दुग्धग्रंथी चरबीच्या थराखाली लांबट, चपट्या पसरलेल्या असतात. जननछिद्राच्या दोन्ही बाजूंना एकेक चीर, तिच्या आत आचळ. ‘आचळ’ योग्य. ‘लुचणे’ही चालेल, पण ओठांनी ओढणं अभिप्रेत नको. पिल्लू जिभेची पन्हळ करून आचळाला लावतं, जिभेच्या कडेची झालर फट बुजवते आणि मादी स्नायू आवळून दुधाची पिचकारी सोडते. एक पाजणं काही सेकंदांतच उरकतं. आधी पिल्लू डोक्याने धक्के देतं, त्याला आपला ‘ढुशी’ शब्द अगदी चपखल आहे.

पुरवणी : मजकुरात ‘चीक’ (विण्यानंतरचं पहिलं दाट दूध) हा शब्दही हवा. डॉल्फिनच्या वारेतून, गाईप्रमाणेच, प्रतिपिंडं पिल्लाकडे फारशी जात नाहीत. ती मुख्यतः चिकातून मिळतात. धाय मादीच्या दुधाने पोट भरतं, चिकाची उणीव भरून निघत नाही. गाईचं दूध हा पर्याय नव्हे : त्यात दुग्धशर्करा सुमारे ५ टक्के, डॉल्फिनच्या दुधात अगदी थोडी, आणि स्निग्धांश मात्र गाईच्या कित्येक पट. ते पाजलं तर पिल्लाला हगवण लागते.