पाण्याचे कॅन, जेल आणि अस्वल
बंदुकीची गोळी किती खोल जाते ते बघायला तुम्ही पाण्याचे कॅन ओळीने लावून टेस्ट केलीत ते छानच, पण तेवढ्यावरून अमेरिकेतल्या मोंटानात ट्रेकला अस्वलापासून बचावासाठी कुठली गोळी न्यायची ते ठरवू नका हो. पाण्यात हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली गोळी, मस्त उमलते, पण जाड जीन्समधून गेली की कधीकधी तोंडात कापड भरतं आणि ती उघडतच नाही, आम्ही जेलमधून (टेस्टसाठी मांसाऐवजी वापरतात तो जिलेटिनचा ठोकळा) काढलेल्या एकीच्या तोंडात निळे धागे ठासून बसले होते, म्हणून जेलसमोर डेनिमचे ४ थर लावतात. १९८६ च्या मायामीतल्या एफबीआय आणि दरोडेखोरांच्या चकमकीत एका दरोडेखोराला लागलेली ९ एमएमची एक गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली, त्यानंतर एफबीआयने गोळी जेलमध्ये १२ ते १८ इंच खोल गेली पाहिजे असा निकष आणला, पण तो माणसासाठी. ग्रिझलीची, म्हणजे तिथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाची, चरबी, स्नायू, हाडं बघता तिथे न उमलणारी हार्ड कास्टच (कडक शिशाची ओतीव गोळी) खोल जाते, मात्र तीच गोळी वस्तीत आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. जेल १० टक्के जिलेटिनचंच घ्या आणि आधी छर्रा मारून तपासा, ५९० फूट सेकंदाला या वेगाचा छर्रा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे आकडे फुकट. आणि बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) पट्ट्यालाच लावा, सॅकच्या तळाशी नको.