प्रति: धरमपेठेतल्या रिडेव्हलपमेंटमध्ये नुकसान कुणाचंच नाही?

भाऊ, तुम्ही म्हणता जुन्या मालकाला नवा फ्लॅट मिळतो, बिल्डरला नफा मिळतो, मग नुकसान कुणाचं? अहो, मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याचं! नागपूरच्या धरमपेठ, शंकरनगरचे जुने बंगले आठवा, पुढे मालक, मागे भाडेकरू, कुठं मेस चालवणाऱ्या काकू तर कुठं शिकायला आलेली यवतमाळ-गडचिरोलीची पोरं. मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या 500 मीटर पट्ट्यात 4 पर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम) देणारं टीओडी धोरण 2017 मध्ये आलं, मग तिथं एकमजली घर ठेवणं मालकालाच परवडत नाही, त्याचा मला रागही नाही.

पण 11 महिन्यांच्या ॲग्रीमेंटवाल्याला काय? 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाडेकरूची भाडेवाढ वर्षाला 4 टक्क्यांवर अडवलीय, इमारत पाडली तर नव्यात परत जागा मागायचा हक्कही आहे. या 11 महिन्यांच्या लीव्ह ॲन्ड लायसन्सवाल्याला यातलं काहीच नाही, मुदत संपली की सामान उचला.

आमच्या गल्लीत कडुनिंबाखाली इस्त्रीचा ठेला होता, मागच्याच खोलीत इस्त्रीवाल्याचं घर. बंगला पडला, झाड गेलं, आता तो दूर हुडकेश्वरच्या पलीकडून येऊन राहिला रोज, कपड्यांचं गाठोडं गाडीवर बांधून, आणि नव्या बिल्डिंगचा वॉचमन त्याला गेटाच्या आत घेत नाही. जुनी गिऱ्हाईकं सुटू नये म्हणून येतो बिचारा.

टीओडीत वाढीव एफएसआय फुकट नाही, त्याचा प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, घेतात ना? मग त्यातला ठराविक हिस्सा त्याच भागात भाड्याच्या छोट्या घरांसाठी राखून ठेवा, आपल्या नगरसेवकाला हेच विचारा.