दोन टक्क्यांचा सीएसआर आणि फाटकाआतला कामगार

माणदेशी
कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं काहीही एक असलं की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी म्हणतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे.

माझं म्हणणं असं की या कायद्याने कंपन्या जबाबदार झाल्या नाहीत, त्यांची जबाबदारी फाटकाबाहेर गेली. कामगारांसाठी केलेला खर्च २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरमध्ये धरताच येत नाही. वर्षानुवर्षं राबणाऱ्या कंत्राटी माणसाला कायम केलंत तर त्याची नोंद कुठेच नाही. त्याच्या गावच्या शाळेला बाकं दिलीत की वार्षिक अहवालात फोटो! नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला. तेव्हा कुठला कायदा मागे लागला होता?

हिशेबनीस
मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे. तुमची तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. कामगारांवरचा खर्च धरू दिला असता तर प्रत्येक कंपनीने कॅन्टीन आणि क्वार्टर्सची बिलं लावून २ टक्के पूर्ण केले असते. फाटकाआतल्या माणसासाठी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा झाला. तो नीट राबवला नाही, हा दोष सीएसआरच्या माथी कशाला?

आणि एम्प्रेस मिलसारख्या गिरण्या होत्या किती? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये, ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन, अर्ज करून, मालकांशी भांडून मिळवली. मालकाच्या मनाच्या मोठेपणावर विसंबून राहिलो असतो तर अजून वाट बघत बसलो असतो. म्हणून कायदा हवा.

माणदेशी
लोखंड्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे कामगार मागत होता आणि मालकाला द्यावं लागलं. सीएसआरमध्ये मागणारा कुठे आहे? काय द्यायचं, कुणाला, किती दिवस, सगळं देणाराच ठरवतो.

सातपुडा
नंदुरबार जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. मागणारा कुठे आहे म्हणता, तर मी आहे. आमच्याकडे मार्च संपता संपता टेम्पोतून पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र आलं. नारळ फुटला, भिंतीवर कंपनीची पाटी लागली. बोअरचं पाणी गाळाचं, पहिल्या पावसाळ्यातच पाणी गाळणारं मेंब्रेन तुंबलं. नवीन बसवायला शाळेच्या अनुदानात पैसे नाहीत, ग्रामपंचायतीकडेही नाहीत. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तो प्रकल्प मागच्या आर्थिक वर्षात बंद झाला. पोरं परत हातपंपावर.

तेही नशीब म्हणायचं. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव हे केंद्राने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले ठरवलेले जिल्हे. कायद्यात मात्र स्थानिक भागाला प्राधान्य. जिथे कारखानेच नाहीत तिथे ‘स्थानिक’ कोण येणार? आधी उद्योगधोरणाने आम्हाला वगळलं, मग त्याच नकाशावरून मदतही वाटली.

हिशेबनीस
@सातपुडा सर, हे वाचून वाईट वाटलं. स्थानिक प्राधान्य सक्तीचं नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेच केलेला आहे, पण संचालक मंडळं त्याच्याआड लपतात हे खरं. मार्चच्या घाईचं कारणही कायद्यातच आहे. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते, म्हणून जे लवकर विकत घेता येतं ते घेतलं जातं. काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झालं तर पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येतात. यंत्र मागताना देखभालीसकट तीन वर्षांचा प्रकल्प मागा. आम्ही नाही म्हणतो, पण लेखी मागणी असली की नाही म्हणणं जड जातं.

रुपयाआणा
मूळ आकड्याकडे कुणीच बघत नाहीये. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सीएसआर २ टक्के. सरकारने सोडले ८ आणि समाजाला मिळाले २. त्या करातून सातपुडा यांच्या शाळेचं अनुदान वाढलं असतं, तेही कुणाच्या पाटीशिवाय.

हिशेबनीस
८ चा हिशेब बरोबर नाही. सवलती धरून अनेक कंपन्या आधीही ३० टक्क्यांपेक्षा कमीच भरत होत्या, म्हणजे खरा फरक त्याहून लहान. शिवाय सीएसआर करपूर्व नफ्यावर मोजतात आणि तो व्यवसायाचा खर्च म्हणून वजाही होत नाही. पण कर हा हक्काचा पैसा आणि सीएसआर कंपनीच्या मर्जीचा, हे मान्य.

माणदेशी
तेवढं मान्य असेल तर पुढचं बोलू. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून अहवालात कायम आणि बिगरकायम कामगारांची संख्या द्यायला लावली आहे. सीएसआरच्या निकषात बसणाऱ्या बाकीच्या हजारो कंपन्यांना ती सक्ती नाही. ती सगळ्यांना करा. एकाच पानावर वरती सीएसआरचा खर्च, खाली कंत्राटी माणसांचा आकडा आणि त्यांची सरासरी मजुरी. हिशेबनीस, तुमची कंपनी हे पान छापेल?

हिशेबनीस
आपणहून नाही छापणार. कायद्याने मागितलं तर पंधरा दिवसांत देईल, कारण सगळे आकडे पगार विभागात आजही पडून आहेत.