१९४२ वर १९४१ : हा डाइम खरा आहे का, आणि असला तर ग्रेड काय?

एडिसनकर
मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. गेल्या रविवारी एका कॉइन शोमध्ये १९४२/१ मर्क्युरी डाइम घेतला, ४०० डॉलर मोजले. स्लॅब (ग्रेडिंग कंपनीची सीलबंद डबी) वगैरे काही नाही, पिना मारलेला साधा पुठ्ठ्याचा होल्डर, मधे प्लास्टिकची खिडकी, आणि त्यावर पेनने लिहिलंय 'एक्सएफ', म्हणजे फार कमी झिजलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे अमेरिकेचं १० सेंटचं चांदीचं नाणं, १९१६ ते १९४५ निघालं, समोर पंखांची टोपी घातलेली लिबर्टी (मर्क्युरी हे लोकांनी पाडलेलं नाव, बाई आहे ती). १९४२ च्या काही थोड्या नाण्यांवर २ च्या डाव्या कडेला खालचा १ डोकावतो, सगळी किंमत त्या १ ची. घरी येऊन १०एक्स भिंगाखाली बघितलं तेव्हापासून झोप उडालीये, १ जरा जास्तच स्वच्छ दिसतोय. बायको म्हणते दहा सेंटला चारशे डॉलर दिलेस हे ऐकलं तेव्हाच माझी उडाली होती. फोटो टाकलेत. वजन किचनच्या काट्यावर २.४ ग्रॅम.

खोटा_रुपया
परत करा. १ नंतर बसवलाय. तुमच्या फोटोत ४ बघा, एकदम सुटसुटीत, एकेरी. खऱ्या नाण्यात ४ पण डबल असतो, आणि बनावटवाल्यांचं लक्ष नेमकं तिथेच नसतं, ते बिचारे २ च्या शेजारी १ उभा करतात आणि खूश होतात.
माझं नाव उगाच नाहीये हे. पुण्याच्या जुन्या बाजारात मी १९३९ चा पंचम, सॉरी, सहाव्या जॉर्जचा रुपया घेतला होता. १९३९ चा किती दुर्मिळ ते इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. घरी येऊन बघतो तर १९३८ चा ८ कोरून ९ केलेला, खालच्या गोलाची डावी बाजू तासून काढलेली आणि तेवढ्याच जागेत पार्श्वभूमी किंचित खोल गेलेली. विकणारा म्हणे 'साहेब, जुनं नाणं आहे, झिजणारच'. झिजायला बरोबर तोच कोपरा सापडला त्याला!

भिंगवाला_सातारा
रुपयादादा, ४ चा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण निकाल घाईत देताय. फोटो वरून फ्लॅश मारून काढलाय, त्यात सावलीच नाही, ४ डबल आहे की नाही हे कोणालाच कळणार नाही.
४ का डबल असतो ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे निम्मी भांडणं मिटतील. हे काही कोणी डायवर (नाणं छापायचा साचा) १ वर २ ठोकलेला नाही. त्या काळी एका डायवर हबचा (डाय बनवायचा मूळ साचा) ठसा एकापेक्षा जास्त वेळा दाबत, मध्ये डाय तापवून मऊ करत. १९४१ च्या अखेरीस टांकसाळीत दोन्ही वर्षांच्या डाय एकदम बनत होत्या, त्यात एका डायला एक ठसा ४१ च्या हबचा बसला आणि पुढचा ४२ च्या. म्हणजे खाली नुसता १ नाही, अख्खा ४१ आहे, म्हणून ४ च्या डाव्या बाजूला पण दुहेरी कड दिसते.
आता बनावट १ कसा ओळखायचा तर सोनार डाग देतो ते आठवा. चिकटवलेल्या आकड्याच्या बुडाशी बारीक रेघ किंवा वेगळ्या रंगाची चांदी दिसते. आणि धातू खरवडून १ उठवला असेल तर आजूबाजूचं मैदान, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, खाली गेलेलं असतं. खऱ्यात १ मैदानातून वर येतो, पोळी फुगते तसा, सांधा नाही.
एडिसनकर, घड्याळात दहा वाजतात त्या बाजूने एकच दिवा, नाणं जरासं तिरपं, परत फोटो काढा. आणि मागच्या बाजूला ONE च्या E जवळ डी, म्हणजे डेन्व्हर टांकसाळीची खूण, आहे का बघा. डेन्व्हरचं पण १९४२/१ आहे, पण त्यात १ फार अस्पष्ट, तो तुमच्यासारखा ठसठशीत दिसला असता तर मीच म्हटलं असतं परत करा.

मृणाल_के
एवढा काथ्याकूट कशाला? पीसीजीएस नाहीतर एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांना पाठवा, डबीत बंद होऊन येईल, विषय संपला. फोटोवरून सोनं तपासतं का कोणी?

खोटा_रुपया
मृणालताई, फी, पोस्ट, विमा धरून बघा, आणि नाणं बनावट निघालं तर ते पैसे पण गेले. शिवाय तोपर्यंत विकणाऱ्याची परतीची मुदत उलटलेली असते. आधी स्वतःचे डोळे वापरायचे.

एडिसनकर
नवीन फोटो टाकलेत, टेबल लॅम्प डावीकडे ठेवून. डी नाही, म्हणजे फिलाडेल्फिया टांकसाळीचं. आणि ४ बघा हो!! डाव्या टोकाला अजून एक पायरी दिसतेय, काल रात्री मला दिसलीच नव्हती. १ च्या बुडाशी रेघ नाही. ऑफिसच्या लॅबमधल्या काट्यावर वजन २.४६.

भिंगवाला_सातारा
बंदा रुपया! म्हणजे बंदा डाइम. मूळ वजन अडीच ग्रॅम, एवढ्या झिजेला २.४६ अगदी ठीक. माझ्याकडून खरं.

खोटा_रुपया
ठीक आहे, ४ मान्य, माझा पहिला शेरा मागे घेतो. पण एक्सएफ नाही हे, आणि त्याहून वाईट म्हणजे घासलेलं आहे. गालावर बारीक समांतर रेघा बघा, सगळ्या एकाच दिशेला. वापरात पडलेले ओरखडे असे कवायतीला उभे राहत नाहीत. आणि इतक्या झिजलेल्या चांदीवर अक्षरांच्या खाचांत थोडा काळपटपणा राहायलाच हवा, इथे खाचा पण पांढऱ्याफटक. कोणीतरी आजीच्या समईसारखं घासलंय. ग्रेडिंगवाले ग्रेडचा आकडा देणारच नाहीत, 'डिटेल्स' (खरं, पण खराब केलेलं) लिहून पाठवतील.

भिंगवाला_सातारा
एक्सएफ नाही हे कबूल. मागच्या बाजूच्या काठ्यांच्या मोळीवरच्या तिरक्या पट्ट्या बघा, आहेत पण मधोमध सपाट. एक्सएफला त्यांच्यावर अगदी थोडी झीज चालते आणि कानाजवळचे केस मोकळे दिसायला लागतात. हे व्हीएफ, म्हणजे एक्सएफच्या खालची ग्रेड, आकडा मी ३० म्हणेन.
पण घासलेलं? त्या रेघा मला नाण्यावर वाटतच नाहीत, होल्डरच्या प्लास्टिकवर आहेत. बाईच्या गालावरून सुरू होऊन सरळ कडेबाहेर जातायत, नाण्याच्या उंचसखल भागावर कुठे तुटत नाहीत. खाचा पांढऱ्या म्हणता तर द्रावणात बुडवलं असेल कधीतरी, ते मलाही आवडत नाही, पण ते आणि घासणं यात फरक आहे.

खोटा_रुपया
बुडवलेलं काय, घासलेलं काय, कातडी गेली ती गेली. व्हीएफ-३० च्या भावाने मी तरी घेणार नाही.

मृणाल_के
म्हणजे दोघांचंही एकमत नाही आणि मी म्हणत होते पाठवा तर मलाच ऐकवलं 😄

खोटा_रुपया
खरं-खोटं ठरवायला पाठवू नका म्हटलं होतं ताई. आता आकड्यासाठी पाठवायचं तर पाठवा. माझी पैज, डिटेल्स. हरलो तर सातारच्या काकांना कंदी पेढे, त्यांच्याच गावचे.

एडिसनकर
विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला १४ दिवसांत परत घेईन, पण एक्सएफ त्याने नाही, आधीच्या मालकाने लिहिलं होतं म्हणे. ठेवतोय. आज रात्री होल्डरमधून काढून बघतो रेघा जातात का.

भिंगवाला_सातारा
थांबा!! आधी चारही पिना काढा, मग पुठ्ठा उघडा. पिनेचं टोक गालावरून गेलं तर रुपयादादा पैज फुकटात जिंकतील.