खून हवाच कशाला?
छोट्याशा बेटावर घडणाऱ्या विनोदी रहस्यकथा लिहायच्या, तर दर कथेत खून पडला तर पटेल का, असा एक प्रश्न आहे. माझ्या मते खून हवाच कशाला? इंग्लिश खाडीतलं सार्क बेट घ्या. वस्ती जेमतेम ५००, मोटारींना बंदी, तुरुंगात दोनच कोठड्या. १९९० मध्ये एक बेकार फ्रेंच अणुशास्त्रज्ञ बंदूक घेऊन एकटाच बेट जिंकायला आला. उद्या दुपारी ताबा घेणार, अशी पत्रकंही लावली (काय शिस्त!). तो बाकावर बारा वाजायची वाट बघत बसलेला असताना कॉन्स्टेबलनं बंदुकीची तारीफ करत त्याला धरला. हा कॉन्स्टेबल बिनपगारी, गावातलाच. म्हणजे अशा बेटावरच्या कथेत संशयित सगळे त्याचे शेजारीपाजारी. उलटतपासणीला गेलं तरी आधी चहा घ्यावा लागणार. विनोद तिथून काढा. आणि समुद्र खवळू द्या, म्हणजे गर्न्सी या शेजारच्या मोठ्या बेटाहून येणारे पोलीसही अडकतील.