शनिवारची शाळा सोडता येते का? नणंदेच्या पोरांना आठवड्यात चारच दिवस

केळीवाली_यावल
माझी नणंद अमेरिकेत मिसुरी राज्यात असते. तिच्या पोरांना शनिवार-रविवार आहेच, वर सोमवारही सुट्टी. म्हटलं, मग शिकतात कधी? तर म्हणे तिथं दिवस मोजत नाहीत, तास मोजतात. वर्षाला १,०४४.

इकडे माझा पोरगा सहावीत. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून सहाची एसटी. जाण्यायेण्यात दोन तास अन् शाळा तीन तास. रोज थोडं जास्त बसवून शनिवार सोडता येईल का? कायदा काय म्हणतो?

निवृत्त_गुरुजी_चोपडा
ताई, आपल्याकडे तासही मोजतात अन् दिवसही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला अनुसूची जोडलेली आहे. पहिली ते पाचवी २०० दिवस, ८०० तास. सहावी ते आठवी २२० दिवस, १,००० तास. हे कमीत कमी.

आता पाटीवर मांडा. २२० भागिले ४, आले ५५ आठवडे. वर्षात ५२. दिवाळी, उन्हाळा, पोळा सगळं सोडलं तरी सहावीचं वर्ष पुरत नाही! शनिवार सोडून पाच दिवस केले तर ४४ आठवडे लागतात. उरलेल्या आठांत दोन्ही मोठ्या सुट्ट्या अन् बाकीचे सण बसवा. श्रावणात कानबाई देवीचं विसर्जन होतं त्या सोमवारी वर्गात कोण येतं, हे वेगळंच.

तासांची अडचण नाही. १,००० तास २२० दिवसांत वाटले तर रोज साडेचारच्या थोडं वर. मिसुरीत ३६ आठवडे धरा, १४४ दिवस होतात, रोज सव्वासात तास. एप्रिलात पत्र्याच्या वर्गात सव्वासात तास बसवून दाखवावं कुणी.

भुसावळ_जंक्शन
तिकडे ही सुट्टी पोरांसाठी नाही भाऊ, शिक्षकांसाठी आहे. लहान गावच्या शाळा पगारात शहराची बरोबरी करू शकत नाहीत, मग जास्तीच्या सुट्टीचं आमिष. २०२४ मध्ये त्या राज्यानं कायदा केला की काही मोठ्या काउंटींत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) अन् मोठ्या शहरांत चार दिवसांसाठी लोकांचं मतदान घ्यायचं. आपल्याकडे शिक्षक नसला की सुट्टी आपोआप मिळते, मतदानही लागत नाही.

निवृत्त_गुरुजी_चोपडा
हसू नका, सातपुड्याच्या पाड्यावर मी ते पाहिलंय. शिवाय दोन दिवस शाळा कमी म्हणजे दोन जेवणं कमी. कापूस वेचणीला चाळीसच्या पटावर चौदा पोरं यायची. एक पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन फक्त खिचडीच्या वेळेला यायची. मी तिची हजेरी लावायचो. चूक की बरोबर, अजून ठरवता आलं नाही.

केळीवाली_यावल
म्हणजे आमचा शनिवार त्या तीन तासांसाठी नाही, २२० चा आकडा भरायला आहे. बरं, मग शनिवारची वेळ तरी पुढे सरकवता येईल ना? सातची एसटी पकडता आली तरी पुष्कळ.

निवृत्त_गुरुजी_चोपडा
शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. तिथं तीन चतुर्थांश पालकच असतात. एकटीचा कागद नेऊ नका, फायलीत दबतो.

केळीवाली_यावल
पोरांना सोडायला आम्ही आठ-नऊ जणी थांब्यावर उभ्याच असतो. येत्या शनिवारी तिथंच सह्या घेते.