माळ्यावरची ट्रंक

शुक्रवार

सी-१० (सचिव): नमस्कार. रद्दी आणि भंगाराचा टेम्पो रविवारी सकाळी दहा वाजता गेटपाशी येईल. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करायला सतरा दिवस उरलेत. माळे, जिन्याखालची जागा, पार्किंगमधल्या जुन्या सायकली, सगळ्याचा निकाल याच आठवड्यात लावायचाय. ज्यांची रद्दी जास्त असेल त्यांनी साधारण किती किलो ते आजच कळवा.

ए-४: सचिव साहेब, माझी रद्दी कमी धरा. काल माळ्यावरून बाबांची लोखंडी ट्रंक उतरवली. जुनी पासबुकं आणि पावत्या असतील असं वाटलं होतं. वर आईच्या नऊवारीचा तुकडा घडी घालून ठेवलेला आणि त्याखाली माझी इंद्रजाल कॉमिक्स! एकशे बेचाळीस मोजली. शिवाय चांदोबाचे तीसेक अंक आणि थोडी अमर चित्र कथा. ही केव्हाच गेली असं मी धरून चाललो होतो. आईनं जपून ठेवली आणि कधी बोलली नाही. रात्री दोनपर्यंत फरशीवर बसून वाचत होतो. फोटो टाकतोय.

ए-४: [६ फोटो]

बी-५: अगं बाई! दुसऱ्या फोटोतला जादूगार मँड्रेक! नुसता हात हलवला की समोरच्याला हातातल्या बंदुकीचा साप झालेला दिसायचा. काका, मला आत्ता खाली यायचंय बघायला.

डी-२: काका, इंद्रजाल म्हणजे काय? माझ्या लहानपणी घरात टिंकलच होतं. सुपंडी आणि शिकारी शंभू.

ए-४: डी-२, तुझ्या सुपंडीच्याही आधीची गोष्ट. टिंकल १९८० मध्ये सुरू झालं. इंद्रजाल त्याच्या सोळा वर्षं आधी, मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहानं काढलं. सुरुवातीला किंमत साठ पैसे. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, पुढे तर आठवड्याला. मराठीतही निघायचं, आणि आम्ही मराठीतच वाचलं. ली फॉक या अमेरिकन लेखकाचे दोन नायक त्यात मुख्य होते, मँड्रेक आणि फँटम. ते तिकडच्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींत यायचे. त्या पट्ट्या जोडून, काटछाट करून इथे एक अख्खी गोष्ट छापायचे. शेवटचं इंद्रजाल १९९० मध्ये निघालं. आणि तुझं टिंकल काढणारे अनंत पै आधी टाइम्समध्येच होते. इंद्रजाल सुरू झालं तेव्हा ते तिथल्याच पुस्तक विभागात काम करत होते. तिथून बाहेर पडून १९६७ मध्ये त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली. एकाच झाडाच्या फांद्या आहेत या.

ए-४: आणि फँटमला मराठीत काय म्हणायचे माहितीये? वेताळ!

डी-२: वेताळ टेकडीवाला???

ए-४: अरे तेच तर! आम्हा पोरांना तो वेगळा वाटतच नव्हता. घरी चांदोबात विक्रम राजा खांद्यावर प्रेत टाकून, हातात तलवार घेऊन स्मशानातून चाललेला. ते चित्र शंकर नावाच्या चित्रकाराचं, वर्षानुवर्षं त्यांनीच काढलं. तो एक वेताळ. इंद्रजालमधला, मुखवटा घातलेला, डाव्या हातात रक्षणाची आणि उजव्या हातात कवटीची अंगठी असलेला, तो दुसरा. आणि इथून चालत अर्ध्या तासावर टेकडी, तिच्यावर वेताळाचं देऊळ, तो तिसरा. आठ-नऊ वर्षांच्या पोरानं हे तीन वेगळे कसे धरायचे? मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण पहाटे टेकडी चढलो ते इंद्रजालमधला वेताळ राहतो ती कवटीची गुहा शोधायला. वरच्या दगडाच्या खाणीत उतरलो. कातळात एक कपार होती आणि तिच्यात वटवाघळं. गुहा सापडली म्हणून आम्ही जे ओरडलो! दाराशी कवटी नव्हती, पण शोधलीही नाही, कारण वटवाघळं अंगावर आली. खाली आलो तोवर गुडघे फुटलेले. बाबांनी टिंक्चर लावलं. का गेला होतात, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मला सगळं इंद्रजाल वाचून पुरं केल्यावरच झोपलेलं पाहिलं होतं.

ए-४: बाबा मुंबईला नोकरीला. डेक्कन क्वीननं संध्याकाळी परत यायचे आणि महिन्यातून एकदा पिशवीत स्टेशनच्या स्टॉलवरचं एक इंद्रजाल असायचं. पगाराच्या दिवशी. बाकीची मी स्वतः जमवली. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात शाळेची जुनी पुस्तकं घ्यायची, त्यातून उरलेले पैसे आई हिशोबात धरायची नाही. मुद्दाम धरायची नाही, हे मला काल ट्रंक उघडल्यावर कळलं.

बी-५: आमच्याकडे कर्वे रोडला एका जिन्याखाली वाचनालय होतं, आठवतंय का? दोरीवर चिमटे लावून कॉमिक्स टांगलेली. दोन रुपये अनामत आणि दिवसाला दहा पैसे. मुली फारशा जायच्या नाहीत. मी भावाचं कार्ड घेऊन जायची आणि त्याच्या नावावर दोन आणायची. एक त्याला, एक मला. तुम्ही मुलं जिन्यात बसून अदलाबदल करायचात तेव्हा मला कोणी विचारायचं नाही. मी वरच्या पायरीवर वेणी घालत बसल्यासारखी बसायचे आणि तुमच्या खांद्यावरून वाचायचे. अर्ध्या गोष्टी मी उलट्या बाजूनं वाचल्यात.

ए-४: ताई, हे आज पहिल्यांदा कळतंय. ट्रंक घेऊन तुमच्याकडेच येतो आधी.

सी-१० (सचिव): ए-४, कोणी संग्राहक विकत घेत असतील तर बघा, जुन्या अंकांना हल्ली बरी किंमत येते म्हणतात. नाहीतर नव्या घरात जागा कुठे?

ए-४: विकायची नाहीत, सचिव साहेब. अदलाबदलीत आलेली आहेत. निम्म्यांवर दुसऱ्यांची नावं आहेत.

बी-११: काका, एक विचारू का? रागावू नका. कॉलेजात आम्हाला हा विषय होता. फँटमच्या गोष्टीत आफ्रिकेच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोरा माणूस न्याय करतो आणि तिथले सगळे त्याला मानतात, हे तुम्हाला तेव्हा खटकलं नाही?

ए-४: रागावतो कशाला. तेव्हा नाही खटकलं. काल खटकलं. रात्री वाचताना दोन ठिकाणी थांबलो, आणि ते नातवाला देताना सांगावं लागेल असं मनात आलं. एवढं मात्र खरं की ली फॉकनंही पुढे ते बदलत नेलं. १९६० च्या दशकात वेताळाच्या देशात निवडून आलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष आला, डॉक्टर लुआगा. मँड्रेकचा आफ्रिकन साथीदार लोथार आधी बिबट्याचं कातडं पांघरून असायचा, १९६५ नंतर तो साध्या कपड्यात दिसायला लागला. आणि वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगाला, आपल्या बंगालशी घोटाळा नको म्हणून इंद्रजालनं ते डेंकाली केलं. आम्ही नकाशात डेंकाली शोधायचो!

ए-४: पण तू म्हणतेस ते ज्यानं मला आतून समजलं तो बहादूर. १९७६ च्या शेवटी आला. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला. केशरी कुर्ता आणि खाली जीन्स! चंबळच्या डाकूंशी लढणारा, आणि त्याचे स्वतःचे वडीलही डाकूच. त्या आधी नायक म्हणजे परदेशी चेहरा हे आम्ही गृहीत धरलं होतं. बहादूर आला आणि शेजारच्या दादासारखा वाटला. आमच्यात भाव ठरलेला होता, एका वेताळाला एक मँड्रेक, पण नव्या बहादूरला दोन. मी दोन दिले.

ए-२: माझ्या आठवणीतला नागराज आहे हो, आमच्या पिढीचा. त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं काढणारे प्रताप मुळीक पुण्याचेच. अमर चित्र कथेतही त्यांनी भरपूर काम केलंय. लहानपणी कळलं असतं तर त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो असतो.

बी-३: मी ग्रंथालयात जुन्या कागदाचंच काम करते, म्हणून मध्ये बोलते. काका, कृपा करून फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा चिकट भाग तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर नकोच. हा कागद स्वस्त लगद्याचा, त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडून कडा तुटतात. उजेड आणि उष्णता जितकी कमी तितकं बरं. पिना गंजल्या असतील तर ओढू नका, मधलं पान उघडून पिनेची वळलेली टोकं सरळ करून हळूच काढा आणि सुती दोऱ्यानं दोन टाके घाला. आडवे ठेवा, थप्पी दहा-बाराच्या वर नको. आईनं सुती साडी घातली होती ना वर, ते अगदी योग्य होतं. सुती कापडातून हवा खेळती राहते. कसर लागली असेल तर वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा, पण कागदाला टेकवून नको.

ए-४: तळाशी खरंच वेखंड निघालं, आता नुसती काड्यांची भुकटी झाली होती. आईला कोणी सांगितलं असेल?

डी-२: मी सगळी स्कॅन करून ग्रुपवर पीडीएफ टाकू का?

बी-३: स्वतःसाठी स्कॅन जरूर कर, खिडकीच्या उजेडात मोबाईलनंही होतं. पण ग्रुपवर वाटू नकोस, हक्क दुसऱ्यांचे आहेत. जुनं वाचायचंच असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ आहे, १९७१ पासूनचे अंक त्यांनी स्वतःच ऑनलाइन मोफत ठेवलेत.

शनिवार

बी-८: आजी सांगतायत, मी टाइप करतोय. “ए-४, तुझी आई शहाणी होती. मी नव्हते. १९७८ च्या दिवाळीआधी घरात साखर आणि रवा आणायला पैसे नव्हते, ह्यांचा पगार अडकला होता. मी लेकाचा कॉमिक्सचा खोका रद्दीत दिला. तो शाळेतून आला, कोनाडा रिकामा पाहिला आणि काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. लाडू केले, त्यानं खाल्लेही. ते अजून माझ्या घशात आहेत.”

बी-५: आजी...

ए-४: आजी, मला आज हे लिहायलाच हवं. तो खोका मी पाहिला होता. कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात वजनकाट्याशेजारी ठेवलेला. तुमच्या लेकाचं नाव प्रत्येकावर पेन्सिलनं लिहिलेलं होतं, त्याला तशी सवय होती. मला सगळे हवे होते, पण जवळ फक्त बारा आणे होते, त्यात तीन घेतले. घरी येऊन खोडरबरनं नावं खोडली. त्याला सांगितलं नाही. तो माझ्याच बाकावर बसायचा. चाळीसहून जास्त वर्षांत लग्नकार्यात कितीदा भेटलो, तरी नाही सांगितलं. काल ट्रंकेत ते तीन सापडले. खोडलेली अक्षरं अजून उजेडात तिरकं धरलं की दिसतात.

[दुपारपर्यंत कोणी काही लिहिलं नाही]

सी-१० (सचिव): रविवारचा टेम्पो ठरलाय तसाच येईल, पण सकाळी आठ ते दहा सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या घालतो. ज्यांच्याकडे जुनी मासिकं, कॉमिक्स निघालीत त्यांनी आणावीत. वाचावीत, अदलाबदल करावी. टेम्पोत काय द्यायचं ते त्यानंतर ठरवू.

बी-८ (नाशिक): मी आत्ता वाचलं सगळं. आई, माझा राग दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच गेला होता, तुला कसं सांगायचं ते सुचलं नाही. ए-४, तुझ्याकडे आहेत हे मला माहीत होतं रे. तू एक दिवस गणिताच्या तासाला वहीखाली वाचत होतास. मँड्रेकचा होता, वरचा कोपरा मी चावलेला. माझा गेला तरी तुझ्याकडे आहे, एवढं मला पुरलं होतं. आज रात्रीच्या गाडीनं येतोय.

ए-४: ये. कोपरा चावलेला आहेच.

बी-८ (नाशिक): त्याचं शेवटचं पान आहे का? माझ्याकडे होतं तेव्हाच सुटलेलं होतं. मी ते दुसऱ्या कुठल्यातरी अंकात घालून ठेवलं होतं, म्हणजे हरवणार नाही म्हणून.

ए-४: माझ्या तिन्हींत नाही. मीही शेवट कधी वाचला नाही. मंडळी, त्या खोक्यातले बाकीचे अंक त्याच दुकानातून आपल्याच इमारतीतल्या कोणी कोणी घेतले असणार. पेन्सिलनं लिहिलेलं किंवा खोडलेलं नाव दिसलं तर पानं उलटून बघा. एक सुटं पान आहे, मँड्रेकचं. उद्या टेम्पो यायच्या आत.